ब्लॉगपोस्ट कुठे सबमिट करायची: रेडिट, हॅकर न्यूज, लॉबस्टर्स आणि बाकीच्या साइट्स

ब्लॉगपोस्ट लिहून झाली, पब्लिश केली, आता वाचणारे कुठून आणायचे हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, आणि मग कुणीतरी पन्नास सोशल न्यूज साइट्सची (जिथे लोक लिंक टाकतात आणि बहुतेक ठिकाणी वाचकांच्या मतांवर त्या वर-खाली जातात) यादी हातात ठेवतं आणि म्हणतं सगळीकडे लिंक टाकून ये. प्लीज असं करू नका. त्या याद्यांमधल्या कितीतरी साइट्स केव्हाच बंद झाल्यात, उरलेल्या प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत, आणि एकच लिंक एका दिवसात दहा ठिकाणी दिसली की काही ठिकाणी तुमचं डोमेनच ब्लॉक होतं. मी हे सगळं केलेलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत एक पोस्ट मी अर्ध्या तासात एकाच साइटवरच्या पाच ग्रुपमध्ये टाकली, पाचही ठिकाणची काढली गेली आणि मला दोन दिवस कळलंच नाही कारण माझ्या लॉगिनमधून ती नीट दिसत होती. ते दोन दिवस मी लेखातच काहीतरी चुकलंय असं समजून तो परत परत बदलत बसले.

आता माझी पद्धत साधी आहे. एका पोस्टला एक जागा, फार तर दोन, आणि ती जागा अशी जिथे मी स्वतः एरवीही वाचायला जाते. जागा निवडताना ट्रॅफिकचे आकडे मी बघतच नाही. तीन गोष्टी बघते: वर काय जाणार हे कोण ठरवतं, तिथे वाचणारी माणसं कोण आहेत, आणि स्वतःची लिंक स्वतः टाकलेली चालते का, चालत असेल तर कितपत. या तीन प्रश्नांवर साइट्स एकमेकींपासून इतक्या वेगळ्या पडतात की निवड आपोआप होते.

रेडिट

2005 मध्ये सुरू झालेली ही साइट, आणि पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती म्हणजे रेडिट ही एक साइट नाहीच, ती हजारो सबरेडिट्सची, म्हणजे एकेका विषयाच्या ग्रुपची, मिळून झालेली आहे आणि प्रत्येक सबरेडिटचे देखरेख करणारे मॉडरेटर वेगळे, नियम वेगळे, मूड वेगळा. बागकाम, फोटोग्राफी, विणकाम, इतिहास, पर्सनल फायनान्स, कुठल्याही विषयाला तिथे घर आहे. त्यामुळे तुमचा ब्लॉग टेक्नॉलॉजीचा नसेल तर बहुतेक वेळा उत्तर रेडिटच असतं. "रेडिटवर टाकू का" असं विचारण्यात अर्थ नाही, "कुठल्या सबरेडिटवर" हे विचारायचं.

स्वतःच्या लिंकबद्दल रेडिटवर वर्षानुवर्षं एक अंदाज सांगितला जातो, तुम्ही जे काही टाकता त्यातलं दहा टक्क्यांपेक्षा जास्त तुमच्या स्वतःच्या साइटचं नको. रेडिटच्या जुन्या मार्गदर्शनात हेच फार छान सांगितलेलं होतं की स्वतःची वेबसाइट असलेला रेडिटर असायला काहीच हरकत नाही, पण रेडिट अकाउंट असलेली वेबसाइट होऊ नका. माझ्या मते याहून स्पष्ट नियम कोणी लिहिलेला नाही. मॉडरेटर तुमच्या प्रोफाइलवर क्लिक करतो, खाली स्क्रोल करतो, सगळ्या लिंक्स एकाच डोमेनच्या दिसल्या की लेख कितीही चांगला असो, पोस्ट काढतो.

करायचं काय तर आधी दोन-तीन सबरेडिट निवडा आणि दोन-तीन आठवडे नुसतं वाचा, कमेंट करा. उजवीकडच्या पट्टीतले नियम पूर्ण वाचा, काही ठिकाणी लिंक फक्त ठराविक वारीच चालतात, काही ठिकाणी स्वतःच्या गोष्टींसाठी वेगळा थ्रेड असतो, काही ठिकाणी लिंक पूर्ण बंद आणि फक्त टेक्स्ट पोस्ट चालते, फ्लेअर (पोस्टचा प्रकार सांगणारं लेबल) लावला नाही तर पोस्ट आपोआप जाते असंही असतं. ऑटोमॉडरेटर नावाचा बॉट बऱ्याच ठिकाणी नवीन किंवा कमी कर्मा (इतरांच्या मतांतून मिळणारे गुण) असलेल्या अकाउंटची पोस्ट सरळ अडवतो आणि किती कर्मा लागतो हे बरेचदा मुद्दाम सांगत नाहीत. शंका असेल तर मॉडमेलवर (मॉडरेटरना मेसेज पाठवायची सोय) आधी विचारा. दोन ओळींचा मेसेज, "मी हा लेख लिहिलाय, इथे टाकला तर चालेल का." यात कमीपणा काही नाही, उलट पुढच्या वेळी ते तुम्हाला नावाने ओळखतात.

माझा सगळ्यात चांगला अनुभव टेक्स्ट पोस्टचा आहे. लेखातला मुख्य भाग तिथेच लिहायचा, चांगला चार-पाच परिच्छेद, म्हणजे लिंकवर क्लिक न करताही वाचणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे, आणि मग शेवटी एक ओळ की फोटो आणि पूर्ण तपशील ब्लॉगवर आहेत. क्लिक कमी येतात हे खरं, पण जे येतात ते लेख शेवटपर्यंत वाचतात.

आणि वेळेचं गणित. रेडिटचा कोड 2008 ते 2017 ओपन सोर्स होता, त्यात हॉट रँकिंगचा, म्हणजे कुठली पोस्ट वर दिसणार याचा, हिशोब सगळ्यांना दिसायचा. त्यात वाचकांनी दिलेली मतं लॉगॅरिदमने मोजली जातात, म्हणजे पहिल्या 10 मतांना जेवढं वजन तेवढंच पुढच्या 90 मतांना मिळून, आणि साडेबारा तास उशिरा आलेल्या पोस्टला जो फायदा मिळतो तो भरून काढायला जुन्या पोस्टला दहापट मतं लागतात. आता होम फीडचं सॉर्टिंग बदललेलं आहे, पण यातून समजायचं ते समजतं: पहिला तास महत्त्वाचा. तुमचं सबरेडिट ज्या वेळी जागं असतं त्या वेळी टाका. ती वेळ कशी कळणार? सबरेडिटचा न्यू टॅब (ताज्या पोस्टची यादी) उघडून दोन-तीन दिवस बघा कुठल्या वेळच्या पोस्टवर लगेच कमेंट येतात.

हॅकर न्यूज

ही पॉल ग्रॅहम यांनी 2007 मध्ये वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअपना पैसे पुरवणाऱ्या कंपनीसाठी सुरू केलेली साइट, सुरुवातीला नाव स्टार्टअप न्यूज होतं, त्याच वर्षी बदलून हॅकर न्यूज केलं. इथे विभाग नाहीत, ग्रुप नाहीत, एकच फ्रंट पेज, त्यावर 30 लिंक्स, आणि सगळे तेच पान बघतात. म्हणूनच तिथे पोचलेल्या पोस्टवर एकदम लोंढा येतो आणि न पोचलेली पोस्ट जवळजवळ कुणालाच दिसत नाही, मधलं काही नसतंच.

वाचणारे प्रोग्रामर, इंजिनिअर, संशोधक, स्टार्टअपवाले. पण विषय फक्त कोडचाच लागतो असं नाही, जुनी यंत्रं, गणित, इतिहासातली एखादी विचित्र गोष्ट, एखाद्या छोट्या प्रश्नाच्या खोलात जाऊन केलेला तपास, हे सगळं तिथे आवडीने वाचतात. त्यांचा निकषच कुतूहल आहे. काय चालत नाही तर "यशस्वी होण्याचे दहा मार्ग" टाइपचे लेख, कंपनीची जाहिरात वाटेल असं काहीही, आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतला मजकूर.

गाइडलाइन्स छोट्या आहेत, दहा मिनिटांत वाचून होतात, वाचाच. स्वतःचं लिखाण अधूनमधून टाकायला परवानगी आहे पण मुख्य वापर प्रमोशनसाठी नको. शीर्षक मूळ लेखाचंच ठेवायचं, सगळी अक्षरं कॅपिटल नको, उद्गारचिन्ह नको, शीर्षकात उगाच आकडा असेल तर तो काढायचा. लेख जुना असेल तर शीर्षकापुढे वर्ष घालायचं. आणि शो एचएन हा प्रकार ब्लॉगपोस्टसाठी नाहीच, लोकांना स्वतः वापरून बघता येईल असं काहीतरी बनवलं असेल तरच तो वापरायचा. ही चूक नवीन माणसं सतत करतात.

रँकिंगचं जे सूत्र जाहीर आहे ते असं: पॉइंटमधून एक वजा करायचा आणि त्याला, पोस्ट टाकून झालेले तास अधिक दोन याच्या 1.8 व्या घाताने भागायचं. समजा एका पोस्टला एका तासात 10 पॉइंट मिळाले, तिचा स्कोअर येतो साधारण 1.25. दुसरीला दहा तासांत 100 मिळाले, तिचा येतो साधारण 1.13. म्हणजे तासाभरातले दहा पॉइंट दहा तासांतल्या शंभरापेक्षा वरचढ ठरतात. प्रत्यक्षात यावर फ्लॅग (वाचकांनी नोंदवलेली तक्रार) आणि बाकीची कपात पण लागते, पण वेग किती महत्त्वाचा आहे हे यावरून कळतं.

हे वाचून लगेच मनात येतं की मग मित्रांना मेसेज टाकून मतं मागू. नका मागू. मतं मागायची नाहीत हा तिथला लिखित नियम आहे आणि ओळखीच्या लोकांनी मिळून दिलेली मतं पकडणारं सॉफ्टवेअर तिथे आहे, ती मतं मोजलीच जात नाहीत आणि पोस्टला उलटा फटका बसू शकतो. रेडिटवरही मतांची फिरवाफिरव हा साइटभरचा गुन्हा आहे, अकाउंट जातं.

एक चांगली गोष्ट, चांगला लेख पहिल्यांदा बुडाला तर इथे सगळं संपत नाही. गेल्या वर्षभरात त्या लेखाकडे फारसं लक्ष गेलं नसेल तर तो थोड्या वेळा परत टाकायला परवानगी आहे, फक्त आधीची पोस्ट डिलीट करून लगेच तीच टाकायची नाही. शिवाय सेकंड चान्स पूल म्हणून व्यवस्था आहे, मॉडरेटर आणि काही वाचक बुडालेल्या चांगल्या पोस्ट शोधतात आणि त्या फ्रंट पेजच्या खालच्या भागात परत आणून ठेवतात. पहिला प्रयत्न वाया गेला तर खचून जाऊ नका, खूप चांगले लेख दुसऱ्या तिसऱ्या वेळी वर गेलेत.

लॉबस्टर्स आणि टिल्डेस

लॉबस्टर्स 2012 ची. फक्त कॉम्प्युटिंग. सदस्य व्हायला आतल्या कुणीतरी इन्व्हाइट द्यावं लागतं आणि कुणी कुणाला बोलावलं याचं झाड सगळ्यांना दिसतं, त्यामुळे तुम्ही स्पॅम केलं तर बोलावणाऱ्याचं नाव पण खराब होतं. लिंक टाकताना ठरलेल्या यादीतले टॅग लावावे लागतात आणि लेख तुमचाच असेल तर तसं सांगणारा चेकबॉक्स आहे, तो प्रामाणिकपणे टिक करायचा. स्वतःच्या गोष्टी तुमच्या एकूण पोस्ट आणि कमेंटच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असाव्यात असा तिथला अंदाज. मार्केटिंग, बिझनेस, स्टार्टअपच्या गप्पा तिथे नको असतात. वाचक कमी आहेत पण कमेंट इतक्या दर्जेदार असतात की तांत्रिक लेखातली चूक सापडायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. इन्व्हाइट मिळावा म्हणून अनोळखी लोकांच्या मागे लागू नका, लिहीत राहा, तुमचा लेख तिथे दुसऱ्या कुणी टाकला आणि चर्चा झाली तर इन्व्हाइट मागणं सोपं जातं.

टिल्डेस 2018 ची, तीही इन्व्हाइटवर, ना-नफा, जाहिराती नाहीत आणि डाउनव्होट (विरोधी मत) नाहीत. निवांत चर्चा. तिथे प्रमोशनच्या हेतूने जाऊच नये असं मला मनापासून वाटतं, वाचायला जावं.

बाकीच्या

लेमी ही रेडिटसारखीच पण फेडरेटेड, म्हणजे एक मालक नाही, वेगवेगळे सर्व्हर एकमेकांना जोडलेले. 2023 मध्ये रेडिटने एपीआयचे (बाहेरच्या ॲप्सना रेडिटचा डेटा देणारी सोय) दर लावले तेव्हा बरीच माणसं तिकडे गेली. नियम सर्व्हरचे वेगळे आणि कम्युनिटीचे वेगळे, दोन्ही वाचायचे. ओपन सोर्स, प्रायव्हसी, लिनक्स असल्या विषयांना तिथे चांगला वाचक आहे.

स्लॅशडॉट 1997 ची, अजून चालू आहे, तिथे पहिल्या पानावर काय जाणार ते संपादक ठरवतात. फार्क 1999 ची, तिथेही निवड संपादकांची आणि सगळी कला शीर्षकात, लिंक देणाऱ्याने स्वतः मजेशीर शीर्षक लिहायचं असतं. तुमच्या लेखात बातमी असेल तर या दोन्ही ठिकाणी एखादा प्रयत्न करून बघायला हरकत नाही, पण नेहमीच्या ब्लॉगसाठी वेळ घालवण्यासारखं तिथे नाही. फ्लिपबोर्डवर मतं वगैरे नसतात, तुम्ही मॅगझिन बनवून त्यात लेख गोळा करता. प्रवास, फोटो, घरसजावट असा दिसायला सुंदर मजकूर असेल तर तिथे हळूहळू वाचक जमतो, फक्त मॅगझिनमध्ये दुसऱ्यांचे लेखही भरपूर ठेवा.

आणि जुन्या याद्यांमधली ही नावं दिसली तर ती यादी सरळ बंद करा: स्टंबलअपॉन 2018 मध्ये बंद झालं, न्यूजवाइन 2017 मध्ये, डिलिशस 2017 मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्किंग साइटने विकत घेतलं. डिगची गोष्ट तर माहीत असायलाच हवी. 2004 मध्ये सुरू झालेली ही साइट एके काळी यातली सगळ्यात मोठी होती, डिगच्या पहिल्या पानावर आलेल्या ब्लॉगचा सर्व्हर झोपायचा. ऑगस्ट 2010 मध्ये त्यांनी चौथी आवृत्ती आणली, ती वापरणाऱ्यांना अजिबात आवडली नाही, लोकं घाऊक रेडिटवर गेली आणि 2012 मध्ये डिग विकलं गेलं. 2025 मध्ये संस्थापक केविन रोझ यांनी रेडिटचे सहसंस्थापक अलेक्सिस ओहानियन यांच्यासोबत ते परत विकत घेतलं. ज्या ब्लॉगर्सचा सगळा वाचक डिगवर अवलंबून होता त्यांच्याकडे 2010 नंतर काय उरलं याचा विचार करा. म्हणून कुठलीही लिंक टाकण्याआधी ब्लॉगवर ईमेलने सबस्क्राइब करायची सोय आणि चालू आरएसएस फीड (नवीन पोस्ट वाचकाच्या रीडर ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय) पाहिजे, आलेल्या शंभरातले दोन जण जरी तिथे नाव देऊन गेले तरी ते तुमचे.

टाकण्याआधी

तुमचा लेख कुणी आधीच टाकलाय का ते बघा. हॅकर न्यूज आणि लॉबस्टर्सवर प्रत्येक शीर्षकाशेजारी डोमेनचं नाव असतं, त्यावर क्लिक केलं की त्या डोमेनच्या आत्तापर्यंतच्या सगळ्या पोस्ट दिसतात. रेडिटच्या सर्चमध्ये साइट, कोलन आणि डोमेन असं इंग्रजीत टाइप केलं की तेच काम होतं. हीच युक्ती तुमच्यासारख्या दुसऱ्या ब्लॉगचं डोमेन घालून वापरा, त्यांचे कुठले लेख कुठे चालले, कुठले पडले, हे पंधरा मिनिटांत कळतं. कुठल्याही तयार यादीपेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची आहे.

पान हलकं करा. कॅशिंग (पानाची तयार प्रत देणारी सोय) चालू आहे ना बघा, मोठे फोटो लहान करा, पान उघडताच येणारा पॉपअप काढून टाका, तेवढ्या एका पॉपअपवरून कमेंटमध्ये अख्खी चर्चा भरकटते आणि लेखाबद्दल कुणी बोलतच नाही. लोंढा आला आणि साइट पडली तर ती संधी गेली, कारण वर सांगितलं तसं तासांचा खेळ आहे.

लिंकला ट्रॅकिंगची शेपटी लावू नका. यूटीएम वगैरे लावलेली लिंक बघितली की वाचणाऱ्याला जाहिरातीचा वास येतो. साधी लिंक टाका, वाचक कुठून आला ते दाखवणाऱ्या रेफररमध्ये साइटचं नाव दिसतंच, काही व्हिजिट ॲपमधून आल्यामुळे डायरेक्टमध्ये मोजल्या जातात तेवढं धरून चालायचं.

आणि एसइओसाठी, म्हणजे गूगल सर्चमध्ये वर दिसण्यासाठी, हे करत असाल तर थांबा. या साइट्सवरच्या बाहेरच्या लिंक्सवर बहुतेक ठिकाणी नोफॉलो असतं, म्हणजे ही लिंक रँकसाठी धरू नका अशी सर्च इंजिनला खूण, गूगलने 2019 मध्ये वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठी यूजीसी असा वेगळा टॅगही आणला. लिंकमुळे थेट रँक वाढत नाही. फायदा दुसऱ्या वाटेने होतो, तिथे वाचलेला एखादा माणूस स्वतःच्या ब्लॉगवर किंवा न्यूजलेटरमध्ये तुमचा उल्लेख करतो, ती लिंक खरी.

टाकल्यानंतर

पुढचे दोन-तीन तास मोकळे ठेवा. मीटिंगच्या आधी, झोपायच्या आधी पोस्ट टाकू नका, हे मी कळकळीने सांगते. कमेंट आली की उत्तर द्या, चूक दाखवली तर मान्य करा आणि लेखात लगेच दुरुस्ती करून तसं तिथे लिहा, लोकांना हे खूप आवडतं. कुणी तिखट बोललं तर त्यातला मुद्दा तेवढा उचला. हा लेख माझा आहे हे पहिल्या कमेंटमध्येच सांगून टाका, लपवलं आणि नंतर कळलं तर विश्वास जातो.

आणि पोस्ट टाकल्यावर दहा मिनिटांनी ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडून, लॉगिन न करता, ती पोस्ट यादीत दिसते का बघा. माझे ते दोन दिवस या एका गोष्टीने वाचले असते. रेडिटवर बॉटने अडवलेली पोस्ट तुम्हाला दिसते आणि बाकी कुणाला दिसत नाही, अशा वेळी मॉडमेलवर नम्रपणे विचारा, बरेचदा माणूस बघतो आणि सोडून देतो. प्रोफाइलच दिसत नसेल तर अख्खं अकाउंट शॅडोबॅन झालंय, म्हणजे तुम्हाला न सांगता बाकीच्यांपासून लपवलंय, त्यासाठी रेडिटकडे अपील करावं लागतं. हॅकर न्यूजवर मेलेली, म्हणजे यादीतून लपवली गेलेली, पोस्ट बघायला प्रोफाइलमधलं शोडेड चालू करा, आणि चुकीने मेली असं वाटलं तर मॉडरेटरना ईमेल करा, तिथे खरी माणसं उत्तर देतात.

दुसऱ्या दिवशी एका वहीत किंवा शीटमध्ये लिहून ठेवा: कुठे टाकली, कुठल्या वेळी, शीर्षक काय होतं, किती जण आले, किती सबस्क्राइब झाले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमेंटमध्ये लोकांनी काय विचारलं. आलेल्यांचा आकडा दोन-तीन दिवसांत परत खाली येतो, येणारच. पण ते प्रश्न राहतात, आणि माझ्या तरी पुढच्या बऱ्याच पोस्ट त्या प्रश्नांमधूनच निघाल्यात, आणि त्या कुठे टाकायच्या हे मग शोधावं लागलं नाही, ज्यांनी विचारलं होतं ते तिथेच होते.